बत्तीस दांड्यांचा शब्द

माणसाने तोंड उघडण्यापूर्वी शब्द तोलून घ्यावेत, असं तोळेसाहेब तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले होते. त्या दिवशी इस्पितळातल्या चहापानाच्या वेळी त्यांनी स्वतः मात्र ते केलं नाही, आणि पुढचे चार महिने त्यांच्या जिवाला घोर लागला.

तोळे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. निवृत्त होईपर्यंत ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि बाजारातल्या एकाही काट्याला तोळाभर सूट देत नसत, म्हणून बाजाराने त्यांचं हे बारसं केलं होतं. त्यांची बायको इस्पितळात मेट्रन होती. चहापान होतं ते एका जुन्या सिस्टरच्या निरोपाचं. निरोप द्यायला आणलेला गुच्छ इतका मलूल होता, की सिस्टरबाईंनी तो हातात घेतला तेव्हा निवृत्त कोण होतंय असा प्रश्न पडावा. तोळेसाहेबांच्या शेजारी बसलेली धाकटी सिस्टर हळहळली. म्हणाली, चार महिन्यांनी मेट्रनबाईंची पाळी, तेव्हाही असलंच काहीतरी येणार.

इथे तोळेसाहेब उभे राहिले. का उभे राहिले, ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. हातात कप होता, समोर चाळीस-पन्नास माणसं होती. ते म्हणाले, "मेट्रनबाईंच्या निरोपाला फुलं आमच्या बागेतली येतील. ग्लॅडिओलस. नोकरीच्या प्रत्येक वर्षाला एक, असे बत्तीस दांडे."

टाळ्या झाल्या. मेट्रनबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, की आपल्याला बाग नाही, घरामागे मोकळी जागा आहे आणि तिथे गळका नळ आहे.

ते खरं होतं. तोळेसाहेबांनी आयुष्यात कोथिंबीरसुद्धा पेरली नव्हती. बायकोसाठी त्यांनी बाजारातून आणलेलं एकमेव फूल म्हणजे कोबीबरोबरचं फ्लॉवर. ग्लॅडिओलस हे नाव त्यांना ठाऊक होतं, कारण कचेरीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात एका महिन्यावर ते चित्र होतं आणि तो महिना फार रखडत गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बियाणेवाल्याकडे गेले. त्याने चपट्या कांद्यासारखे कंद समोर ठेवले आणि सांगितलं, लावल्यापासून नव्वद दिवसांत फुलं.

"नव्वद म्हणजे नव्वद?"

"थोडं इकडेतिकडे. फूल आहे साहेब, पोस्टाची गाडी नाही."

इकडेतिकडे हा शब्द तोळेसाहेबांनी नोकरीत फक्त गुन्हेगारांच्या तोंडून ऐकला होता. त्यांनी अडचण समजावून सांगितली. निरोप एकतीस तारखेला, दुपारी चार वाजता. तारीख सरकारने ठरवलेली, एक दिवस अलीकडे नाही, पलीकडे नाही. बियाणेवाल्याने सहानुभूतीने मान हलवली आणि चाळीस कंद बांधून दिले. आठ जास्तीचे, कारण जमिनीत काय काय होतं ते कोणी पाहिलंय. वर झिनिया, कॉसमॉस, फ्लॉक्स आणि ॲस्टर यांच्या पुड्याही दिल्या. हंगामी फुलं आहेत, काठाने पेरून द्या, ती बिचारी काही मागत नाहीत, असं तो म्हणाला.

तोळेसाहेबांनी उलटी मोजदाद करून लावणीचा दिवस काढला आणि त्याच्या आठ दिवस आधी खणायला घेतलं. शेजारी निवृत्त वनाधिकारी राहत. त्यांना सगळे रेंजरसाहेब म्हणत. त्यांना जंगलातल्या प्रत्येक झाडाची माहिती होती, आणि बागेतल्या कुठल्याच झाडाची नव्हती, हा भेद गल्लीत कोणाच्या लक्षात आला नव्हता. ते कुंपणाला रेलून म्हणाले, की वीतभर खणून काय उपयोग, कंदाला दोन फूट भुसभुशीत माती लागते. तोळेसाहेबांनी दोन फूट म्हणजे दोन फूट धरलं. सव्वा फुटावर कुदळ एका कठीण वस्तूवर आपटली. रेंजरसाहेब म्हणाले, मूळ असेल, जोर लावा.

तोळेसाहेबांनी जोर लावला. ते मूळ नव्हतं, पाण्याचा नळ होता, आणि तोही घरचा नव्हे, गल्लीचा. पाणी माणसाच्या उंचीपर्यंत उडालं. रेंजरसाहेब पाहणी करून घरात गेले आणि दोन दिवस बाहेर आले नाहीत. त्या दोन दिवसांत सबंध गल्ली बादल्या घेऊन तोळेसाहेबांच्या दारावरून जात होती. प्रत्येकाने फक्त बादली त्यांच्या फाटकापाशी खाली टेकवून हात बदलला. मेट्रनबाई सकाळची ड्यूटी संपवून आल्या, शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला चार खेपा पाणी भरून दिलं आणि तोळेसाहेबांना जेवायला वाढलं.

तिसऱ्या दिवशी पाणीखात्याची नोटीस आली. विनापरवाना खोदकाम केल्याबद्दल सात दिवसांत समाधानकारक खुलासा करावा, तोवर जागेस हात लावू नये. ज्या माणसाने हे वाक्य तीस वर्षं दुसऱ्यांना पाठवलं, त्याला ते स्वतःच्या नावावर वाचताना कसं वाटलं असेल ते सांगून भागणार नाही. त्यांनी नोटीस दोनदा वाचली, आणि दुसऱ्या वाचनात त्यांच्या चेहऱ्यावर थोडं तेज आलं. नोटिशीवर जावक क्रमांक नव्हता.

ते तडक पाणीखात्यात गेले. उपअभियंता शांत, सज्जन माणूस होता. तोळेसाहेबांनी त्याला सांगितलं, की जावक क्रमांकाशिवायची नोटीस ही कायद्याने नोटीसच नव्हे. उपअभियंत्याने कागद उलटसुलट पाहिला, मनापासून आभार मानले, अशी बारकाई आजकाल राहिली नाही असं म्हणाला, आणि नोटीस परत घेतली. तोळेसाहेब विजयी मुद्रेने घरी आले. सहा दिवसांनी नवी नोटीस आली. तिच्यावर जावक क्रमांक होता आणि खुलाशाला नवे सात दिवस होते.

शेवटी तीन प्रतींत अर्ज झाला, जागेची पाहणी झाली, आणि नळापासून तीन फूट सोडून लागवड करायची परवानगी मिळाली. वाफा हलवावा लागला. कंद मातीत गेले तेव्हा नव्वदऐवजी ब्याऐंशी दिवस उरले होते. प्रत्येक कंद बरोबर चार इंच खोल आणि दुसऱ्यापासून सहा इंचांवर होता. ते माप तोळेसाहेबांनी स्टीलच्या पट्टीने घेतलं होतं आणि त्याबद्दल कोणाला शंका असती तर त्यांना आवडलं असतं.

शंका आली, पण दुसरीच. चौथ्या दिवशी रेंजरसाहेब कुंपणावर प्रकटले आणि टोकाची बाजू खाली लावलीत ना, असं त्यांनी सहज विचारलं. तोळेसाहेबांनी टोक वर लावलं होतं. रेंजरसाहेबांनी ओठ दाबले आणि मान हलवली. डॉक्टर नातेवाइकांसमोर हलवतात तशी. तोळेसाहेबांनी दुपारी चाळीसच्या चाळीस कंद उकरले आणि टोक खाली करून लावले. संध्याकाळी बियाणेवाल्याकडे जाऊन खात्री करून घेतली. तो म्हणाला, टोक वर, बूड खाली, आणि वारंवार उकरू नका, ते काय पोस्टाचं पासबुक आहे का, सारखं काढून बघायला. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस कंद पुन्हा उलटले. त्यातले दोन मऊ पडले होते. उरले अडतीस.

यानंतर वाट पाहणं आलं, आणि वाट पाहण्याचं कुठलंही माप खात्याने काढलेलं नाही. तोळेसाहेब पहाटे चहाच्या आधी मागे जाऊन बसत. बाराव्या दिवशी पहिलं हिरवं टोक दिसलं. त्यांनी वही सुरू केली. रोज प्रत्येक पानाची उंची मिलिमीटरमध्ये. काठाने पेरलेल्या हंगामी फुलांपैकी फ्लॉक्सचं बी मुंग्यांनी रांगेने वाहून नेलं. ॲस्टर उगवलंच नाही. झिनिया भरघोस उगवली, ती रेंजरसाहेबांनी शेजारधर्म म्हणून तण समजून उपटली आणि ढीग करून दाखवला. कॉसमॉस तेवढी वाचली, कारण ते तण आहे असं त्यांना वाटायच्या आतच तिला कळ्या आल्या. पुढे एका रात्रीत घुशीने तीन कंद नेले. उरले पस्तीस. पाणीखात्याचा माणूस नळाची फेरतपासणी करायला आला, तो एका रोपावर उभा राहून तपासणी करून गेला. उरले चौतीस.

बत्तीस हवे होते, चौतीस होते. ज्याच्या हिशेबात फक्त दोनचा फरक उरला आहे असा माणूस फार वाईट झोपतो.

या सगळ्यात एक गोष्ट ते बघत होते आणि वहीत लिहीत नव्हते. मेट्रनबाई ड्यूटीवर लवकर जाऊ लागल्या होत्या. सातची पाळी असली तर सहालाच. परत येतानाही उशीर. रविवारी सुट्टी असताना एकदा त्या वॉर्डला चाव्यांचा जुडगा हवाय म्हणून गेल्या आणि दुपारी आल्या. निवृत्तीबद्दल त्या अवाक्षर काढत नव्हत्या. परगावच्या मुलीचा फोन आला तर पाणी तापलंय का बघते म्हणून उठत. एका संध्याकाळी तोळेसाहेबांना त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या दिसल्या. इस्तरी केलेला पांढरा गणवेश मांडीवर होता आणि त्या त्याचं एक बटण चाचपत होत्या. बटण घट्ट होतं. काहीतरी बोलायला हवं, हे त्यांना कळलं. पण काय, ते कळेना. म्हणून ते मागे गेले आणि पानं मोजली.

मग उन्हाचा तडाखा सुरू झाला. दांडे झपाट्याने वर आले आणि एकतीस तारखेला सतरा दिवस असतानाच कळ्या फुगायला लागल्या. तोळेसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. उशीर होईल म्हणून झुरत होते, आता लवकर होणार. रेंजरसाहेब म्हणाले, सावली करा, सावलीत झाड सुस्तावतं. तोळेसाहेबांनी घरोघर फिरून छत्र्या जमवल्या. ज्या गल्लीने बादल्या वाहिल्या होत्या, त्याच गल्लीने निमूटपणे अकरा छत्र्या दिल्या. वाफ्यावर काळ्या छत्र्यांचं छप्पर झालं. रस्त्याने जाणारे लोक कुंपणापाशी थबकत, आवाज खाली आणत आणि घरात सगळं ठीक आहे ना असं विचारत.

सावलीचा गुण आला. फार आला. चौथ्या दिवशी आभाळ भरलं, हवा गार झाली आणि कळ्या जिथल्या तिथे थांबल्या. छत्र्या काढल्या तरी थांबलेल्याच. वहीत सहा दिवस तोच आकडा. तोळेसाहेबांनी वाफ्याला कोमट पाणी घातलं. घरातला आरसा आणून उन्हाची तिरीप कळ्यांवर पाडली, तर ऊनच नव्हतं. मेट्रनबाईंना भांग पाडायला आरसा सापडेना, त्या खिडकीच्या काचेत बघून ड्यूटीवर गेल्या.

पाच दिवस राहिले तेव्हा रेंजरसाहेबांनी कुंपणावरून हळूच सुचवलं, की बाजारात मिळतात. बत्तीस आणायचे, घरचे म्हणून द्यायचे, कोण विचारतंय. तोळेसाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की रेंजरसाहेब सावरून उभे राहिले. पण संध्याकाळी तोळेसाहेब फिरायला म्हणून निघाले आणि त्यांचे पाय फुलवाल्याच्या दुकानासमोर थांबले. आत बादलीत ग्लॅडिओलस होते. शेंदरी, उमललेले, सरळसोट. त्यांनी बाहेरूनच मोजले. छत्तीस होते. फुलवाला बाहेर आला. तो त्यांना ओळखत होता, काटा हवा तर तपासून घ्या म्हणाला. तोळेसाहेब म्हणाले, आता मी तपासत नाही, आणि घरी परतले. वाटेत दोनदा थांबले. पण परतले.

तीस तारखेला दुपारी वारा सुटला. वारा कसला, पिसाळलेलं जनावर. तोळेसाहेब दोन्ही हातांनी चादर पसरून दांड्यांना आडवे उभे राहिले, पण एक माणूस किती आडवा उभा राहणार? तेवढ्यात कुंपणावरून रेंजरसाहेब उडी मारून आले. सत्तराव्या वर्षी. हातात काठ्या आणि सुतळी होती, आणि त्या तासाभरात त्यांनी एकही सल्ला दिला नाही. दोघांनी गुडघ्यावर बसून एकेक दांडा काठीला बांधला. वारा पडला तेव्हा तीन दांडे बुंध्याशी मोडून चिखलात होते.

उरले एकतीस.

रेंजरसाहेबांनी मोडलेल्यांपैकी एक उचलून पाहिला. तो सुतळीने जोडता येईल का, असं त्यांच्या मनात होतं. मग त्यांनी तो खाली ठेवला.

एकतीस तारखेला सकाळी अकरा दांड्यांवर खालची दोन-दोन फुलं उघडली होती. फिकट गुलाबी. बाकी वीस दांड्यांवर नुसत्या हिरव्या कळ्या, टोकाशी रंगाची पुसटशी रेघ. तोळेसाहेबांनी सगळे कापले. एक दांडा कमी, वीस न उमललेले. ज्या मापाला त्यांनी आयुष्यभर शिक्का नाकारला असता, तसलं माप बादलीत घालून, इस्तरीचा शर्ट घालून ते रिक्षात बसले. बादली मांडीवर, पाणी शर्टावर.

इस्पितळाच्या फाटकावर रखवालदाराने त्यांना सलाम केला आणि बादलीपुढे हात आडवा धरला. फुलं आत न्यायला मनाई होती. फुलांमधून किडे आणि जंतू वॉर्डात जातात. तोळेसाहेब म्हणाले, वॉर्डात नाही, सभागृहात न्यायची आहेत, आणि कोणासाठी ते ठाऊक आहे ना? रखवालदाराला ठाऊक होतं. त्याने भिंतीवरच्या परिपत्रकाकडे बोट दाखवलं. संपूर्ण आवारात मनाई. तोळेसाहेबांनी चष्मा लावून वाचलं. जावक क्रमांक होता. तारीख होती. शिक्का होता. खाली मेट्रनबाईंची सही होती, ठसठशीत, कुठेही बोट ठेवायला जागा नसलेली.

बादली इथे ठेवून तुम्ही जा, असं रखवालदार म्हणाला, पण फुलांची जबाबदारी घ्यायला तो तयार नव्हता. धाकटी सिस्टर धावत आली, तिने विनवण्या केल्या. रखवालदार ओशाळला, पण हलला नाही. ती वर निरोप घेऊन गेली आणि पाच मिनिटांनी परत आली. मेट्रनबाईंनी सांगितलंय, पाचपर्यंत मी ड्यूटीवर आहे. तोवर नियम नियम.

चार वाजले. वरच्या मजल्यावर टाळ्या ऐकू आल्या. बायकोच्या निरोपसमारंभात नवऱ्यासाठी ठेवलेली खुर्ची रिकामी होती, आणि नवरा फाटकाबाहेरच्या बाकावर पायांत बादली धरून बसला होता. येणारे-जाणारे त्याला फुलवाला समजून भाव विचारत होते. दोघांना त्याने नाही म्हटलं. मध्येच माइकवरून कोणीतरी बत्तीस वर्षं, बत्तीस वर्षं असं म्हणालं. तोळेसाहेबांनी बादलीत बघितलं आणि पुन्हा मोजले. एकतीसच होते.

पाचचे टोल पडले, आणि दोन मिनिटांनी मेट्रनबाई बाहेर आल्या. गणवेशातच. चाव्यांचा जुडगा देऊन आल्या होत्या, त्यामुळे कमरेशी एक बाजू उगाच रिकामी वाटत होती. त्यांच्यामागे सगळ्या सिस्टर, वॉर्डबॉय, दोन डॉक्टर. मेट्रनबाई फाटक ओलांडून बाहेर आल्या, बाकावर नवऱ्याशेजारी बसल्या आणि शस्त्रक्रियेनंतर अवजारं मोजतात तसे दांडे मोजले. बोट न लावता, ओठ हलवत.

"एकतीस," त्या म्हणाल्या.

तोळेसाहेबांनी घसा साफ केला. काल वारा होता, तीन मोडले, चूक माझी, आधीच काठ्या लावायला हव्या होत्या, आणि बहुतेक उमललेलेही नाहीत, असं सगळं त्यांनी खुलासा द्यावा तसं एका दमात सांगितलं. लोक ऐकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बरोबर आहेत," मेट्रनबाई म्हणाल्या. "तुमच्या आई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी वर्षभर बिनपगारी रजेवर होते. ते वर्ष नोकरीत धरत नाहीत. नोकरी एकतीसच वर्षं झाली."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत, लाडानेही नाही. आकडा सांगावा तसा सांगितला. तोळेसाहेबांना नियम पाठ होता. बिनपगारी रजा सेवेत धरली जात नाही, पोटकलमासकट. ते वर्षही त्यांना आठवलं. त्या वर्षी ते रोज सकाळी दहाला कचेरीत वेळेवर पोचत होते, कारण घरी कोणीतरी होतं. बत्तीस म्हणताना त्यांनी तारखांची नुसती वजाबाकी केली होती. काहीतरी बोलायला हवं होतं. मागे पानं नव्हती मोजायला.

"मी चुकीचं मोजलं," ते म्हणाले.

तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. मेट्रनबाईंनी टोपीची पिन काढली, टोपी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि बादलीची कडी धरली. एका बाजूने त्यांनी, एका बाजूने तोळेसाहेबांनी, अशी बादली रिक्षापर्यंत गेली. सिस्टर टाळ्या वाजवत होत्या. रखवालदाराने सलाम ठोकला, आणि परिपत्रकाला कोणी धक्का लावला नाही.

एक तारखेला मेट्रनबाई सवयीने पाचला उठल्या. अंघोळ केली, केस बांधले, आणि मग कुठे जायचं ते न कळून पलंगाच्या कडेला बसल्या. तोळेसाहेबांनी ते दारातून पाहिलं. या वेळी ते मागे गेले नाहीत. स्वयंपाकघरात टेबलावर बादली होती. त्यांनी तिथूनच हाक मारली, की रात्रीत आणखी सहा उघडलीत, येऊन बघ.

मेट्रनबाई आल्या. ग्लॅडिओलस एकदम उमलत नाही, खालून वर एकेक फूल उघडत जातं, आणि हिरव्या कळ्यांचे वीस दांडे अजून सुरूही झाले नव्हते. पुढचे दहा-बारा दिवस रोज सकाळी काही ना काही उघडणार होतं. त्यांनी वाकून पाहिलं, मग बादलीत दोन बोटं बुडवली आणि कपाळाला आठी घातली.

"पाणी कधी बदललंत?"

तोळेसाहेब म्हणाले, काल सकाळी.

"शिळं झालंय. दांडे खालून तिरके कापायला हवेत, नाहीतर पाणी चढणार नाही. कात्री आणा. उकळून आणा," त्या म्हणाल्या आणि बाह्या वर सारल्या.

तोळेसाहेबांनी गॅसवर पातेलं ठेवलं.